उलटली, सुकली, गाभडली : डुकरांच्या वेतांमधले विषाणू

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या आजूबाजूला, वायसीएम रुग्णालयाच्या मागच्या वस्त्यांपासून पवनेच्या काठापर्यंत, डुकरं पाळणाऱ्या माणसांशी माझं बोलणं गेली कित्येक वर्षं होत आलं आहे. मादीचं वेत बिघडलं की ही मंडळी तीन शब्द वापरतात. ‘उलटली’ म्हणजे नर दाखवला होता, पण ती पुन्हा माजावर आली. ‘सुकी टाकली’ म्हणजे व्याली, पण पिलांबरोबर काळपट, चामड्यासारखी गोळा झालेली पिलंही पडली. ‘गाभडली’ म्हणजे दिवस भरायच्या आत सगळं वेत बाहेर आलं. हे तीन वेगळे आजार आहेत अशी पाळणाऱ्याची समजूत असते. पशुवैद्यकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत दाखवलं ते असं, की बऱ्याचदा विषाणू एकच असतो आणि तो कितव्या दिवशी गर्भाशयात पोचला यावर शब्द बदलतो.

या विषयात आज काय पक्कं आहे आणि कुठे वाद आहे, याचा हा आढावा. तो पिंपरीतून लिहायला एक कारण आहे. डुकरांच्या गर्भावर परिणाम करणाऱ्या विषाणूंपैकी एक माणसाच्या मुलांच्या मेंदूपर्यंत जातो, आणि त्याची चर्चा पुणे जिल्ह्यात अलीकडेच नव्याने सुरू झाली आहे.

एकशे चौदा दिवसांचं कॅलेंडर

डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशेब पाळणारे ठेवतात आणि तो बरोबर आहे. या ११४ दिवसांत दोन तारखा महत्त्वाच्या. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाची हाडं धरू लागतात. सत्तराव्या दिवसाच्या आसपास गर्भाला स्वतःची प्रतिपिंडं तयार करता येऊ लागतात.

पस्तीस दिवसांच्या आत भ्रूण मेला तर तो आईच्या शरीरात विरघळून जातो. मागे काहीच उरत नाही. सुरुवातीला चारपाचांहून कमी भ्रूण उरले तर गर्भधारणाच मोडते आणि मादी उलटते. पस्तीस ते सत्तर या काळात मेला तर हाडं विरघळत नाहीत, फक्त पाणी शोषलं जातं आणि पिलू सुकतं. सत्तरीनंतर विषाणू आला तर पिलू त्याच्याशी लढू शकतं. ते जगतं, किंवा मेलेलं अथवा अशक्त जन्मतं.

डुकरिणीची वार अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं तिच्यातून पिलाकडे जात नाहीत. ती मिळतात जन्मानंतर, पहिल्या चिकातून. म्हणून चीक न प्यायलेल्या किंवा मेलेल्या पिलाच्या शरीरात प्रतिपिंडं सापडली, तर ती त्याची स्वतःची असतात. विषाणू गर्भात येऊन गेला होता हे त्यावरून सिद्ध होतं. निदानशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

एकदा नाल्याच्या कडेच्या एका गोठ्यात पहिलारू मादीने टाकलेलं अख्खं वेत मी पोत्यावर मांडून पाहिलं होतं. नऊ नग. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन टाळूपासून शेपटीच्या बुडापर्यंत एकेकाची लांबी मोजली. सर्वांत लहान सहा सेंटिमीटर, म्हणजे चाळीस दिवसांच्या आसपास मेलेलं. मग नऊ, अकरा, चौदा. एक सतरा सेंटिमीटरचं, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरचं. उरलेली चार पूर्ण वाढलेली, त्यांतली दोन जिवंत. बोटांच्या पेरांसारखी चढत्या क्रमाने लागलेली ती ओळ पाहिली की विषाणू एका गर्भाकडून शेजारच्या गर्भाकडे, आठवड्याआठवड्याने सरकत गेला हे न सांगता कळतं. मादीला ताप नव्हता, तिचं खाणं सुटलं नव्हतं. मालक म्हणाला, “साहेब, हिला कुणाची तरी नजर लागली.” मला पार्व्हो या विषाणूची शंका आली. पण नमुना बर्फात ठेवायला मी दुपार केली, मे महिना होता, आणि तपासणीला गेला तेव्हा तो कुजलेला निघाला. चूक माझीच.

एका आद्याक्षरी नावापासून सुरुवात

१९६५च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधकांनी मृत जन्म, सुकलेले गर्भ, भ्रूणमृत्यू आणि वंध्यत्व या चार तक्रारींच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘स्मेडी’ असा शब्द बनवला आणि तो आतड्यात राहणाऱ्या काही विषाणूंना चिकटवला. त्याच दशकात जर्मनीत पेशींच्या संवर्धनात एक चिमुकला विषाणू नको असलेल्या पाहुण्यासारखा सापडला, आणि १९६७मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्याचा संबंध डुकरांच्या फसलेल्या वेतांशी जोडला. हाच पार्व्हो. पुढे लक्षात आलं, की स्मेडीची बहुतेक प्रकरणं त्याचीच होती. आतड्याचे विषाणू बाजूला पडले, पण त्यांच्यासाठी काढलेलं नाव मागे राहिलं.

पार्व्होबद्दल आज फारसा वाद नाही. तो फार चिवट आहे. गोठ्यात महिनोन्महिने टिकतो, साध्या धुण्याने जात नाही. आईकडून चिकातून मिळालेलं संरक्षण पिलाच्या वयाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतं, आणि नेमका त्याच सुमारास मादीला पहिल्यांदा नर दाखवला जातो. म्हणून मार बसतो तो पहिलारूंना. लस आहे आणि ती वेत वाचवते. वाद आहे तो एवढाच : जर्मनीत वेगळा काढलेला ‘२७ए’ सारखा नवा प्रकार जुन्या लसींना किती जुमानतो? प्रयोगांतून दिसतं ते असं, की लस गर्भ वाचवते पण मादीला संसर्ग होणं आणि तिने विषाणू बाहेर टाकणं पूर्ण थांबवत नाही. काहींना हे पुरेसं वाटतं. काहींच्या मते अशीच अर्धवट प्रतिकारशक्ती नव्या प्रकारांना वाट करून देते. आपल्याकडच्या दहावीस माद्यांच्या पाळणाऱ्यापर्यंत मुळात ही लस पोचत नाही, त्यामुळे इथे हा वाद अजून पुस्तकीच आहे.

भारतातला जुना दुखणेकरी

भारतात स्वाइन फीवरची पहिली नोंद १९४४मध्ये अलीगढची. पाळणाऱ्यांना हा रोग ठाऊक असतो तो ताप, अंगावरचे लालजांभळे डाग आणि धडाधड मरणं या रूपात. गर्भावरचा त्याचा परिणाम मात्र गुपचूप चालतो. गाभण मादीला सौम्य प्रकाराचा संसर्ग झाला तर ती स्वतः फारशी आजारी दिसत नाही. गर्भ साधारण पन्नास ते सत्तर दिवसांचा असेल तर त्याचं शरीर विषाणूलाच आपला मानतं. असं पिलू धडधाकट जन्मतं, काही महिने विषाणू सांडत हिंडतं आणि मग खंगून मरतं. आपल्या वस्त्यांमध्ये रोग वर्षानुवर्षं का रेंगाळतो याचं एक उत्तर या पिलांत आहे.

यावर देशात १९६४पासून सशांत वाढवलेल्या ‘वेब्रिज’ वाणाची लस वापरात होती. तिच्यासाठी ससे मारावे लागत. देशाची गरज वर्षाला दोन कोटी मात्रांहून अधिक आणि उत्पादन बारा लाखांच्या आसपास, अशी दशा होती. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने आधी पेशीसंवर्धनातली लस तयार केली आणि २०२०मध्ये देशी वाणाची नवी लस आणली. तंत्राची अडचण त्यामुळे बरीचशी सुटली. पण रस्त्यावर मोकळ्या सुटलेल्या, दुपारी कुठल्या हॉटेलच्या मागे असतील याचा नेम नसलेल्या माद्यांना ती वेळेवर टोचायची कुणी, याचं उत्तर लसीच्या बाटलीत नाही.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा नावाने भाऊ असला तरी पूर्ण वेगळा विषाणू. २०२०मध्ये तो आसाम-अरुणाचलात आला. त्यातही माद्या कुठल्याही महिन्यात गाभडतात, पण तिथे गाभडणं ही धोक्याची पहिली घंटा असते आणि पाठोपाठ मरणं सुरू होतं. उष्टं-खरकटं हा त्याच्या प्रसाराचा मोठा मार्ग. कंपन्यांच्या कँटीनवर आणि हॉटेलांच्या पिंपांवर चालणारं आपल्या पट्ट्यातलं वराहपालन या दृष्टीने नाजूक जागी उभं आहे.

सापडला, म्हणून त्यानेच केलं?

आता वादाच्या खऱ्या भागाकडे.

अमेरिकेत १९८७मध्ये आणि युरोपात १९९०च्या सुमारास उशिराचे गर्भपात आणि पिलांचे श्वसनविकार यांची लाट आली. कारण कळेना म्हणून त्याला काही काळ ‘गूढ रोग’च म्हणत. १९९१मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडला विषाणू हाती लागला आणि रोगाला ‘पीआरआरएस’ हे नाव मिळालं. हा गर्भाच्या शेवटच्या टप्प्यात वार ओलांडतो, त्यामुळे सुक्या पिलांपेक्षा अकाली व्यालेलं, अशक्त वेत जास्त दिसतं. भारतात त्याचा पहिला मोठा उद्रेक मिझोराममध्ये, २०१३ साली. तो फार झपाट्याने रूप बदलतो आणि लस देऊनही पूर्ण आवरत नाही. जिवंत लस वापरावी की नाही यावर जगभर दोन तट आहेत : नुकसान कमी होतं म्हणणारे, आणि लसीचाच विषाणू कळपात फिरून नवी मिश्रणं तयार होतात म्हणणारे. दोघांकडे पुरावे आहेत. ज्या भागात रोग पक्का रुजलेला नाही तिथे जिवंत लस नेऊ नये, एवढ्यावर सहसा एकमत दिसतं.

सर्को विषाणूचं प्रकरण याहून अवघड आहे. दुसऱ्या प्रकारचा सर्को १९९०च्या दशकात पिलांच्या खंगण्याशी जोडला गेला आणि दशकाच्या अखेरीस कॅनडात मृत गर्भांच्या हृदयातही सापडला. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येक कळपात असतो. मग एखाद्या गाभडलेल्या पिलात त्याचा अंश सापडला तर काय समजायचं? यावर तीन कसोट्या लावल्या जातात : वेत खरंच बिघडलं होतं का, पिलाच्या हृदयाच्या स्नायूत नुकसान दिसतं का, आणि विषाणू त्याच नुकसानीच्या जागी भरपूर आहे का. तिन्ही जुळल्या तरच दोष द्यायचा. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात पीसीआर यंत्र काही तासांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगतं, आणि हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा माणूस मिळायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या उत्तरावरच थांबायचा मोह होतो.

२०१५-१६मध्ये अमेरिकेत सापडलेला तिसरा सर्को आणि त्यानंतर क्रमांक लावून निघालेले नवनवे पार्व्हो यांनी गुंता वाढवला आहे. एक गट म्हणतो, सुकलेल्या गर्भांत हे भरपूर प्रमाणात सापडतात, म्हणजे संबंध आहे. दुसरा म्हणतो, निरोगी डुकरांतही ते सापडतात. आजचं तंत्र इतकं बारीक झालंय की शोधाल ते मिळेल. माझा कल दुसऱ्या गटाच्या सावधपणाकडे आहे, पण तिसऱ्या सर्कोबाबत पहिल्या गटाची बाजू वर्षागणिक भक्कम होत चालली आहे, हेही मान्य करायला हवं.

आणि मुळात विषाणू हेच एक कारण नाही. लेप्टोस्पायरा आणि ब्रुसेला हे जिवाणू, बुरशी धरलेल्या मक्यातलं विष, एप्रिल-मेचा उन्हाळा, यांतलं काहीही वेत बिघडवतं. सुसज्ज प्रयोगशाळांतही गर्भपाताच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांचं नक्की कारण लागत नाही. इथले जुने पाळणारे गाभडलेल्या मादीला पेनिसिलिन टोचून घेत. देशाचा पहिला सरकारी अँटिबायोटिक कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४पासून इथे शेजारीच. त्यामुळे त्या औषधावर गावाचा जरा जास्तच जीव. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. पण कारण लेप्टोस्पायरा असेल तर होतो, म्हणून त्या अडाणीपणाला हसण्याआधी मी थांबतो.

पुण्याचा प्रश्न : जपानी मेंदूज्वर

२०२४च्या अखेरीस पुण्यात वडगाव शेरी भागातल्या चार वर्षांच्या मुलाला जपानी मेंदूज्वर झाल्याचं निष्पन्न झालं. २०२५च्या मार्चपासून पुणे, रायगड आणि परभणी जिल्ह्यांत १ ते १५ वयाच्या मुलांसाठी लसीकरणाची मोहीम आखली गेली; पिंपरी-चिंचवडही त्यात आलं. विदर्भाला हा रोग नवा नाही, पुण्याला मात्र तो दूरचा वाटत होता. तसा तो कागदोपत्री पुण्याचाच. १९५२मध्ये इथे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, सुरू झालं, आणि १९५५मध्ये वेल्लोर भागातले रुग्ण ओळखले गेले त्यात या केंद्राचा हात होता. आज मुलांना टोचली जाणारी एक देशी लसही याच संस्थेने कोलारमध्ये मिळवलेल्या विषाणूपासून बनलेली आहे.

हा विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांचा. क्युलेक्स डास तो डुकरांत नेतात. डुकराच्या रक्तात तो तीनचार दिवस इतका वाढतो, की चावणारा प्रत्येक डास भरून निघतो. माणसाच्या रक्तात तो तेवढा वाढत नाही, म्हणून माणूस ही साखळीची शेवटची कडी. डुकराला स्वतःला सहसा काही होत नाही. अपवाद गाभण मादीचा : तिला पहिल्यांदाच संसर्ग झाला तर सुकी पिलं, मृत पिलं, डोक्यात पाणी भरलेली पिलं. नराचे वृषण सुजतात आणि काही काळ त्याचं बीज निकामी होतं.

२०२२च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हेच घडलं. एकामागून एक फार्मवर मादी सुकी नि मेलेली पिलं टाकू लागली, तपासणीत जपानी मेंदूज्वर निघाला, आणि पाहता पाहता ऐंशीहून अधिक फार्म त्यात आले. माणसांतले बहुतेक रुग्ण त्याच सुमारास उघडकीस आले. चाळीसहून अधिक जणांना रोग झाला, सात जण गेले. विषाणू दक्षिणेकडे कुठवर पसरलाय याचा नकाशा मुख्यतः मेलेल्या पिलांनी काढून दिला. त्यातून एक मत पुढे आलं, की बिघडलेली वेतं हीच इशारा-यंत्रणा मानावी.

यावरचा आक्षेपही वजनदार आहे. ज्या भागात विषाणू दरवर्षी फिरतो तिथे माद्या लहान वयातच संसर्ग होऊन मोकळ्या होतात. गाभण राहीपर्यंत त्या सुरक्षित असतात, म्हणून वेतं बिघडत नाहीत. म्हणजे डुकरीण गाभडली नाही यावरून विषाणू नाही असं म्हणता येत नाही. मग काहीजण सुचवतात, की वेतांपेक्षा सहाआठ महिन्यांच्या पिलांचं रक्त पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा. प्रतिपिंडं नव्याने आली का ते बघा. पुणे जिल्हा कुठल्या गटात मोडतो, नव्याने शिरकाव झालेल्या की आधीपासून मुरलेल्या, यावर कुठली पद्धत लागू पडेल हे ठरेल. त्यासाठी लागणारी रक्ताची सलग मालिका इथे नाही.

दुसरा उघडा प्रश्न डासांचा. या विषाणूचा मुख्य वाहक भातखाचरात वाढतो. मावळात भात आहे, संत तुकाराम नगरला नाही. इथे आहेत ते गटारातले क्युलेक्स. ते किती समर्थ वाहक आहेत यावर मतं वेगळी आहेत. शिवाय २०१६मध्ये प्रयोगात दिसलं, की डुकराकडून डुकराकडे हा विषाणू डासाविनाही, नाकातोंडाच्या संपर्काने जाऊ शकतो. कोंदट गोठ्यात प्रत्यक्षात असं कितपत घडतं, हे प्रयोगशाळेबाहेर अजून सिद्ध व्हायचं आहे.

उपायांचे तीन रस्ते

पहिला, डुकरं शहराबाहेर काढणं. रहिवाशांची मागणी बहुधा हीच असते. सिंगापूरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वराहपालन संपवलं आणि माणसांतले रुग्ण खूप घटले, पण पक्षी आणि रानडुकरांमुळे विषाणू पूर्ण गेला नाही. काढलेली डुकरं कुठे जातात हाही प्रश्न असतो. भातखाचरांच्या शेजारी गेली तर गणित उलटं बसतं. यात एक जुना गैरसमजही मिसळलेला आहे. २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा लोक डुकरांवर धावले होते, आणि तो आजार माणसाकडून माणसाला होत होता.

दुसरा, डुकरांनाच लस. जपानमध्ये ती अनेक वर्षं वापरली जाते, पण मादीचं वेत आणि नराचं बीज वाचवण्यासाठी. माणसांना वाचवण्यासाठी तिचा फारसा भरवसा धरत नाहीत. डुकरांची पिढी वर्षभरात पालटते, चिकातल्या प्रतिपिंडांमुळे लहान पिलांत लस लागत नाही, आणि दर पावसाळ्यापूर्वी नव्या पिलांना गाठणं महागात पडतं.

तिसरा, मुलांना लस आणि डुकरांवर फक्त नजर. सार्वजनिक आरोग्याच्या मंडळींचा कल इकडे आहे. यात पाळणाऱ्याला काही मिळत नाही. त्याचं वेत बुडतं ते बुडतंच, आणि वरून रक्ताचे नमुने द्यायचे. २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित प्राणिरोगाची खबर देणं बंधनकारक आहे. पण परवानगीशिवाय डुकरं पाळणारा माणूस आपल्या मादीने मेलेली पिलं टाकली हे सांगायला दवाखान्यात का येईल? ते वेत सकाळपर्यंत कुत्र्यांनी नेलेलं असतं. औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा इथून तासाभराच्या आत आहे, पाषाणला विषाणू संस्थाही फार दूर नाही. मधल्या तासाभराच्या प्रवासासाठी थर्मासमधला बर्फ आणि खबर देणारा माणूस लागतो. ईशान्येत आणि गोव्यात, जिथे डुक्कर घरचं धन मानलं जातं, तिथे निदान पाळणारा बोलतो.

पहिलारू मादीच्या त्या मालकाने पुढच्या पावसाळ्यात मला पुन्हा बोलावलं. या खेपेला नऊपैकी आठ जिवंत होती. पार्व्हो असता तर असंच होतं. एकदा होऊन गेला की मादी सुटते. जपानी मेंदूज्वर असता तरीही असंच झालं असतं. आदल्या वर्षीचं नेमकं काय होतं असं त्याने विचारलं, तेव्हा मी दोन्ही नावं सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे दोन्हीतलं कायतरी.”